शारजातली बोलणी

दुबईत काय काय पाहिलं, असं सगळे विचारतात. मी शारजातल्या एका हॉलमधला गालिचा पाहिला, आणि तो आता मला तोंडपाठ आहे.

सासर सोडून आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, आशाला, हवापालट म्हणून मी आमच्या मामेभावाकडे, सतीशकडे घेऊन गेलो होतो. रविवारी तो आम्हाला खाडीत नावेतून फिरवणार होता. निघता निघता म्हणाला, "दादा, वाटेत एक छोटं काम आहे. मग खलास."

रास अल खोरच्या गोदामात त्याच्याबरोबर काँगोचा जोसेफ काम करतो. त्याची बायको क्लारिस रागावून शारजाला मामाकडे येऊन राहिली होती. तिला परत आणायची बोलणी होती. जोसेफची माणसं इथे मोजकीच, म्हणून सतीश त्याचा भाऊ म्हणून बसणार. त्याच्यामागून आम्हीही आपोआप वरपक्ष झालो.

दोन्ही घराणी समोरासमोर बसली. नवरा-बायकोनं चकार शब्द काढायचा नाही. बोलणार ते दोन्हीकडचे न्झोंझी (घराण्याच्या वतीनं बोलणारे). आणि तेही सरळ बोलतील तर शपथ! एक म्हण टाकायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मध्येच गाणं, मग आतल्या खोलीत जाऊन कुजबुज. तक्रार काय, तर क्लारिसच्या वडिलांच्या मयताला जोसेफ गेला नव्हता. पानात गुंडाळलेली चिक्वांग (साबुदाण्याच्या कंदाची आंबूस वडी) चावून माझा जबडा दुखला, पण बोलणी तिथल्या तिथेच.

न राहवून मी क्लारिसलाच इंग्रजीत विचारलं, तुला परत जायचंय की नाही?

तिच्याकडचे म्हातारे न्झोंझी शांतपणे काही बोलले, ते सतीशनं मला सांगितलं. "पाहुणे, तुम्ही उद्या विमानात बसाल. आम्हाला एकमेकांच्या मयताला जायचंय."

आणि मग त्यांनी पहिल्या नमस्कारापासून सगळं पुन्हा सुरू केलं. परक्यानं तोडलेली बोलणी मधूनच जोडता येत नाहीत म्हणे! मी कपाळाला हात लावला. आशाला उठायची खूण केली, तर ती जागची हलेना.

दिवस कलला तेव्हा जोसेफ आणि त्याचा न्झोंझी क्लारिसच्या मामापुढे गुडघे टेकून बसले. मामांनी कोलाच्या झाडाचं बी फोडलं. एक फोड तिनं खाल्ली, एक त्यानं. क्लारिस आत जाऊन आपली बॅग घेऊन आली. एक तुकडा मलाही मिळाला, कारल्याहून कडू.

खाडी राहिलीच. परतीच्या विमानात मी अजून कुरकुरत होतो, की एवढ्याशा रुसव्यासाठी अख्खा दिवस फुकट घालवला या लोकांनी. आशा खिडकीबाहेर बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "माझ्या वेळी तुम्ही सगळे चहा निवायच्या आत उठला होतात."