देवाची मर्जी

कसबा पेठेत एका आजोबांचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. मी देव नाकारणारी पत्रकं वाटत जातो, तेव्हा ते माझं पत्रक शेवटपर्यंत वाचतात आणि म्हणतात, "आधी शुद्धलेखन सुधारा, मग देवाला सुधारा." समोर कुणी रडत असलं की ते मान खाली घालून बांबूला गाठी मारतात, सांत्वनाचा एक शब्द काढत नाहीत. गल्ल्याशेजारी उदबत्ती मात्र जळत असते, आणि तिच्यावरून मी त्यांच्याशी भांडतो.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक जण ड्रेनेजमध्ये गुदमरून मेला. ठेकेदाराने त्याला दोर न बांधता, मास्क न देता आत उतरवलं होतं. चौकीत नोंद झाली अपघाताची. कसला अपघात! मी सामान घ्यायला गेलो, तर तोच ठेकेदार दुकानात हार निवडत होता.

"दोर गाडीतच राहिला हो," तो म्हणाला. "देवाची मर्जी, दुसरं काय?"

माझ्या मुठी वळल्या. आजोबांनी मात्र त्याच्या हातातला हार काढून खुंटीला अडकवला.

"गाडी देव चालवत होता का? निघा."

माझं सामान रिक्षात चढवून दिलं आणि शटर ओढलं. "चला चौकीत. हा आत्ता काय बोलला, ते मी लिहून देतो."

हवालदाराने वैतागून विचारलं, "आजोबा, तुम्ही मयताचे कोण?"

"मयताचा कोणी नाही. मी देवाकडून आलोय. त्याच्या नावावर खून खपवताहेत."