नानजिंगच्या तटावरची नावं

नानजिंग ही चीनची जुनी राजधानी. तिच्या तटाच्या विटांवर त्या घडवणाऱ्यांची नावं ठसवलेली आहेत. वीट कच्ची निघाली तर माणूस सापडावा म्हणून. आमची गाईड लिन मला हे सांगत होती, तेव्हा शेजारीच एक म्हातारं जोडपं तटाला लागून उभं होतं. बाई विटांवरून बोट फिरवत एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या आणि आजोबा मान डोलावत होते.

लिन त्यांच्याशी दोन शब्द बोलून आली. "त्या शाळेत शिकवायच्या. आता सगळं विसरल्यात. अक्षरं तेवढी राहिलीत, म्हणून आजोबा त्यांना रोज इथे आणतात."

शेकडो वर्षांपूर्वी मरून गेलेल्या कुणाचं तरी नाव बाईंनी न अडखळता वाचलं. मग वळून आजोबांना अदबीनं काहीतरी विचारलं. लिन हलकेच म्हणाली, "विचारतायत, आपण कोण?"

मातीवर उमटलेलं नाव इतकं टिकतं, आणि जन्मभर ज्याला हाक मारली त्याचं टिकत नाही. मला त्या विटांकडे बघवेना.

आजोबांनी शांतपणे आपलं नाव सांगितलं. रोजचंच असावं. बाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं आणि नवी ओळख झाल्यासारख्या हसून पुन्हा काही बोलल्या.

"त्या म्हणतायत," लिन म्हणाली, "तुम्ही आमच्या गावात नवीन दिसता. चला, मी तुम्हाला शहर दाखवते."

त्यांनी आजोबांचा हात धरला. आजोबा पाहुण्यासारखे इकडेतिकडे बघत त्यांच्याबरोबर निघाले.