नळकाका आणि सुनेची वेगवान गाडी

त्यांना नळकाका म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. एक्केचाळीस वर्षं या माणसाने लोकांच्या न्हाणीघरांत आणि सिंकखाली आडवं पडून काढली. भिंतीच्या पोटात पाणी कुठे झिरपतंय हे ते लाकडी दांडका भिंतीला टेकवून, त्याच्या दुसऱ्या टोकाला कान लावून सांगत. ते बोट ठेवतील तिथेच भिंत फोडायची. पाणी तिथेच सापडायचं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, बायको गेली, आणि काका हत्यारांची पेटी उचलून मुलाकडे राहायला आले.

पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या तोट्या बदलल्या. दुसऱ्या महिन्यात बदललेल्या तोट्या तपासल्या. तिसऱ्या महिन्यात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्यात चुका काढू लागले. मुलगा म्हणायचा, "बाबा, आता आराम करा." काकांना तो शब्द औषधासारखा कडू लागायचा.

सून दंतवैद्य होती. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यात डोकावून आलेली ही शांत बाई एके दिवशी एक निळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी घेऊन आली. गाडी बारा वर्षांची होती आणि आधी दोन मालकांकडे नांदून आली होती, पण पायाखालचं पेडल जरा दाबलं की पाठ सीटला चिकटायची. तीत बसायला वाकावं लागे आणि उतरायला कुणाचा तरी हात धरावा लागे. मुलगा पहिल्यांदा बसला तो डोळे मिटून. सून मात्र खुशीत होती. "लहानपणापासून हौस होती," एवढंच ती म्हणाली.

हौसेला महिनाभरातच दृष्ट लागली. सकाळी गाडी सुरू केली की पुढून टिकटिक आवाज यायचा. दहा मिनिटं चालली की आवाज बंद. शिवाय आत बसलं की धुराचा वास. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने पाचेक मिनिटं डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "मॅडम, दुखणं आतलं आहे. इंजिन उघडावं लागेल. तीन आठवडे धरून चाला."

सुनेचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी सुरू केली तेव्हा काका खिडकीत दाढी करत होते. गालावरचा वस्तरा तसाच थांबला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून ते खाली आले.

"सूनबाई, हे आतलं दुखणं नाही. ही गळती आहे."

"बाबा, पाणी कुठे गळतंय?"

"पाणी नाही, हवा. इंजिनातून धूर बाहेर पडतो, तो वाटेत कुठेतरी फटीतून निसटतोय. ठोका पडतो ना, तो त्याचाच."

"मग गाडी तापल्यावर आवाज बंद का होतो?"

"लोखंड तापलं की फुगतं आणि फट बुजते. गरम पाण्याच्या पाइपांनी मला असं किती वेळा फसवलंय. आणि हे बघ, धूर आत येतोय तोवर ही गाडी चालवायची नाही."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. फेस गळ्यापर्यंत ओघळला होता. ती म्हणाली, "रविवारी मला सुट्टी आहे."

रविवारी सकाळी काकांनी घरातलं धूळ ओढायचं यंत्र मागितलं. ते मुलाचं लाडकं. आठवड्यातून दोनदा तो ते स्वतः पुसून ठेवायचा. काकांनी त्याची नळी उलटी लावली, म्हणजे ते ओढायच्या ऐवजी फुंकू लागलं, आणि ओल्या फडक्याने गुंडाळून नळी गाडीच्या मागच्या धुराड्यात खुपसली. मुलगा दारातून बघत होता. "परत मिळेल ना ते?" त्याने विचारलं.

"मिळेल. थोडं काळं मिळेल," काका म्हणाले.

मग त्यांनी साबणाचं पाणी इंजिनाजवळच्या सांध्यांवर शिंपडलं. हवा जिथून निसटते तिथे फुगे येणार, ही त्यांची जुनी युक्ती. दिसेल तिथे सगळं कोरडं ठाक. मागची बाजू मात्र दिसेना. तिथे हात जाईल एवढीही जागा नव्हती. सून आत गेली आणि दात बघायचा तो लांब दांडीचा चिमुकला आरसा घेऊन आली. इंजिन आणि त्यातला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी पंजाच्या मधे तिने तो सराईतपणे सरकवला.

"बाबा, इथे फेस येतोय. शेवटच्या बोल्टपाशी."

काकांनी आरशात डोकावलं. बारीक बारीक फुगे येत होते, फुटत होते. "पॅकिंग गेलंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू लॉटरी लागली.

दुपारपर्यंत सात नट सुटले. आठवा गंजून बसला होता. काकांनी तेल सोडलं, वाट पाहिली आणि पाना लावला. कट् असा आवाज झाला आणि बोल्टचं टोक नटासकट हातात आलं. बाकीचा तुकडा इंजिनातच राहिला.

काका उपड्या बादलीवर बसले. "घाई केली मी," हातातला तुकडा बघत ते म्हणाले. "हात पहिल्यासारखा राहिला नाही. मिस्त्रीला बोलाव, सूनबाई. चांगली गाडी मी बिघडवली."

सून शेजारी फरशीवरच बसली. "बाबा, दात काढताना तो मोडतो आणि मूळ आत राहतं. माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी होतं. मी काय पेशंटला सोडून घरी येते? मूळ काढायचं असतं. तुम्ही गंजलेला पाइप कसा सोडवता, ते सांगा."

काकांनी नाक ओढलं. "तापवून. आणि मेणबत्तीने."

मग दोघं परत कामाला लागले. पंजा बाहेर काढला तेव्हा मोडलेला तुकडा बोटाच्या पेराएवढा वर दिसला. पेट्रोलची नळी सुनेने बाजूला बांधली, तिच्यावर ओलं फडकं टाकलं, पाण्याची बादली जवळ ठेवली. काकांनी छोट्या ज्योतीने तुकडा तापवला आणि मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत उतरलं. तीनदा तापवलं, तीनदा मेण पाजलं. मग पकड लावली.

"सरळ ओढू नका," सून म्हणाली. "थोडं आत, थोडं बाहेर. हिरडीची समजूत काढल्यासारखं."

"शिकवतेस होय मला?" म्हणत काकांनी तसंच केलं. चौथ्या हेलकाव्याला तुकडा कुरकुरला आणि फिरला. सुनेने तो उचलून उजेडात धरला. "अख्खं मूळ आलं," ती म्हणाली, आणि मुलगा बाहेर येईपर्यंत दोघंही हसत राहिले.

सोमवारी काका पॅकिंग आणि नवे बोल्ट आणायला गॅरेजात गेले. मिस्त्रीने संशयाने सगळं दिलं आणि संध्याकाळी स्वतःच गाडी बघायला आला. काकांनी शेवटचा नट आवळला, सुनेने किल्ली फिरवली. गार इंजिन एकसुरी घुमायला लागलं. टिकटिक नव्हती. मिस्त्रीने एका बाजूने कान लावला, मग दुसऱ्या बाजूने.

"काका," तो हळूच म्हणाला, "गुरुवारी जरा येता का? एक गाडी आहे, तिचं मला काही कळत नाहीये."

काका गुरुवारी गेले. मग शनिवारीही गेले. आता ते आठवड्यातले दोन दिवस गॅरेजात असतात. मिस्त्रीशी कडाकडा भांडतात आणि त्याच्याच डब्यातलं जेवतात.

पुढच्या सुट्टीत सुनेने त्यांना शेजारी बसवून लांब, सरळ रस्त्याला गाडी काढली. मोकळा रस्ता लागल्यावर तिने पेडल दाबलं, झाडं मागे पळायला लागली, आणि आता बाबा काय म्हणतात म्हणून तिने बाजूला पाहिलं. काका मान एका बाजूला टाकून घोरत होते. तिने वेग कमी केला, खिडकीची काच वर केली, आणि उरलेला सगळा रस्ता गाडी बैलगाडीच्या चालीने घरी आणली.