सागाखालचा डबा आणि कावेरीचा राग

कावेरीला राग येतो हे डोकमर्डीच्या कामगार वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. चाळीतला नळ दोन दिवस कोरडा राहिला की बायका आधी तिचंच दार वाजवतात. "ताई, चला ना, तुम्हीच बोला!" की ही गॅस बंद करून, ओढणी कमरेला बांधून निघालीच. मसाटच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला आहे. तिथल्या सुपरवायझरने एकदा बायकांच्या जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं खाल्ली, तर हिने सगळ्यांदेखत त्याला असं धारेवर धरलं की दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं गुमान परत आली. लोक म्हणतात, भारी तापट बाई. म्हणोत बापडे. त्या रागाने तिने काय काय मिळवलंय हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

तिची मुलगी तेजस्विनी अडीच वर्षांची, घरात सगळ्यांची तेजू. ती सात महिन्यांची असताना दिवाळीत खिडकीखाली फटाक्यांची माळ फुटली. शेजारची पोरं दचकून रडायला लागली आणि तेजू आपली पायाचा अंगठा चोखत पडून राहिली. "शांत शे पोर," सासू तानूबाई आपल्या गावाकडच्या बोलीत कौतुकाने म्हणाल्या. कावेरी मात्र रात्री उशिरापर्यंत पोरीच्या कानाशी टाळ्या वाजवून बघत बसली.

पुढे वर्षभर तिला एकच ऐकायला मिळालं. बोलेल हो, बापसुद्धा उशिराच बोलला होता. शहाद्याच्या नणंदेपासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत जो तो डॉक्टर! शेवटी कावेरी एकटीच उठली, पोरीला खांद्यावर टाकून बसने सुरतेला गेली. तिथल्या दवाखान्यात तेजूला झोपवून, डोक्याला वायरी लावून कान तपासले आणि कळलं, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मग ऐकायच्या मशीनसाठी सरकारी कचेरीत अर्ज. आज कागद कमी, उद्या सही कमी, परवा साहेब रजेवर. अकराव्या खेपेला कावेरीने त्या कचेरीत टेबलासमोर फरशीवरच मांडी घातली. "आता मशीन घेऊनच उठेन. हाकलायचं तर हाकला." संध्याकाळी ती दोन मशीनं घेऊन घरी आली.

कानामागे बसणारी, बोटाच्या पेराएवढी मशीनं. देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, जपा, पुढची काही वर्षं दुसरी मिळणार नाहीत, आणि पोरीचं बोलायला शिकायचं वय हेच आहे, एक दिवससुद्धा बिनमशीनची ठेवू नका. म्हणून कावेरी दोन्ही मशीनांना बारीक दोरी बांधायची आणि दोरीची क्लिप तेजूच्या फ्रॉकला मागे, पाठीवर लावायची, पोरीचा हात पोचणार नाही अशी. रात्री काढायची, डबीत ठेवायची, सकाळी चहाच्याही आधी घालायची. हे सगळं तीच करायची. चार महिन्यांत तेजू 'पाणी'ला 'पा' म्हणायला लागली होती.

तानूबाईंना मशीनं डोळ्यांत खुपायची. बाहेर निघालं की त्या नातीच्या डोक्याला स्कार्फ बांधायच्या, भर उन्हातसुद्धा. "लोके देखतस, माय. पोरीनी जात शे." कावेरी तो स्कार्फ सोडायची, त्या पुन्हा बांधायच्या. त्यावरून घरात आठवड्यातून दोनदा तरी भांडी आपटायची. नवरा समाधान तेवढा कधी आवाज चढवायचा नाही. सायलीच्या कंपनीत मशीन ऑपरेटर, साधा माणूस, घरी आला की स्वतः घोडा होऊन पोरीला पाठीवर बसवून खोलीभर फिरणारा. हा एक तरी आपल्या बाजूचा आहे, असं कावेरी धरून चालली होती.

तर या समाधानने डोक्यात नवीन खूळ घेतलं. त्याच्या कंपनीतले मेन्टेनन्सचे भगवंत साहेब जिओकॅशिंग करतात. म्हणजे काय, तर कुठेतरी झाडीत, दगडाखाली एक डबा लपवायचा, त्याची जागा मोबाईलवर टाकायची, आणि बाकीच्यांनी मोबाईलचा बाण बघत बघत तो शोधायचा. साहेबांनी खानवेलच्या पुढे एका वनोद्यानात डबा लपवला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, जे कुटुंब आधी शोधून फोटो पाठवेल ते पहिलं.

"रविवार आहे, तेवढीच पोरीला मोकळी हवा," समाधान म्हणाला. कावेरीने आठवड्याचे कपडे भिजत घातले होते. ते पिळून, भाकरी आणि ठेचा बांधून ती निघाली. शेअरच्या इको गाडीत चौघं दाटीवाटीने बसून खानवेलला आली आणि पुढे बाण दाखवेल तसं चालत राहिली. बाणाचं काय सांगावं! शंभर पावलं म्हणायचा, मग ऐंशी, मग एकदम दोनशे. समाधान मोबाईल छातीशी धरून पुढे, मागे तानूबाई गुडघ्यावर हात ठेवून कुरकुरत, आणि मध्ये कावेरीच्या कडेवर तेजू. पण सागाच्या एका झाडाच्या बुडाशी, दगडाआड, हिरवा पत्र्याचा डबा खरंच सापडला तेव्हा कावेरीलाही हसू आलं. आत गोट्या, किल्लीची साखळी, एक इवलीशी लाल मोटार, सही करायला वही. नियम असा की एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात एक ठेवायची. आणि परक्या माणसाच्या नजरेला डबा पडू द्यायचा नाही.

तेजूने लाल मोटार उचलली. कावेरीने केसांची क्लिप काढून डब्यात टाकली. एवढ्यात पाण्याची बाटली संपली म्हणून ती फाटकाजवळच्या नळावर गेली. तिथे रांग होती. ती परत आली तेव्हा डबा दगडाआड गेला होता, तेजूच्या डोक्याला स्कार्फ होता आणि समाधान खूश होता. "फोटो गेला! पहिला नंबर आपला!"

"बघू."

"नंतर दाखवतो, बॅटरी चाललीय," असं म्हणून त्याने मोबाईल खिशात घातला.

जेवायला ती सगळी पाण्याकाठी जाऊन बसली. तेजू मोटार घेऊन उताराकडे निघाली. कावेरीने हाक मारली, "तेजू!" पोर वळली नाही. पुन्हा मारली, जोराने. चार महिन्यांत असं झालं नव्हतं. कावेरी हातातली भाकरी टाकून धावली, पोरीला उचललं, स्कार्फ ओढून काढला. दोन्ही कान रिकामे. पाठीवर हात फिरवला, क्लिपही नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन पडलं असतं तर दोरीला लोंबत राहिलं असतं. क्लिप मोठ्या माणसाने काढल्याशिवाय निघत नाही. आणि काढणारं माणूस कोण, हे तिला विचारावंसुद्धा वाटलं नाही.

"कुठे टाकलीत, आई?"

"काय?"

"पोरीची मशीनं! स्कार्फ बांधताना काढलीत ना? लोक बघतात म्हणून? सांगा कुठे टाकलीत!"

"मी नही काढं, माय," तानूबाई म्हणाल्या, आणि समाधानकडे बघून गप्प झाल्या.

"खोटं बोलू नका. पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलतायत ती तुमच्या! पोरगी मुकी राहिली तरी चालेल तुम्हाला, पण चारचौघांत शोभा नको! कसली आजी तुम्ही? दुश्मनसुद्धा असं करणार नाही!"

आजूबाजूची माणसं जेवता जेवता थांबून बघायला लागली. एक बाई आपल्या पोराला जवळ ओढून घेत होती. कावेरी थांबली नाही. वर्षभराचं सगळं, सुरतेची बस, कचेरीतली फरशी, "शांत शे पोर", सगळं तिने त्या म्हातारीच्या तोंडावर मारलं. तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यामुळे कावेरीला आणखीच चेव आला.

"अगं, पडली असतील कुठेतरी," समाधान म्हणाला. "गवतात बघू आपण." तो वाकून गवत चाचपायला लागला. मग म्हणाला, "तुम्ही इथे शोधा, मी मागे वाटेवर बघून येतो." तो गेला. पाऊण तासाने घामाघूम होऊन परत आला, रिकाम्या हाताने.

साडेपाचला बाग बंद होणार होती. उद्या सोमवार, बागेला सुट्टी. बाहेर कोल्ही-कुत्री, माकडं, दंव. मंगळवारपर्यंत मशीनं कुठली टिकायला? आणि नवी मिळेपर्यंत पोरीचं 'पा' तरी राहणार होतं का? कावेरीने तेजूला उचललं आणि सागाच्या दिशेने चालायला लागली. नळावर जाताना तिने पोरीच्या कानावरून हात फिरवला होता, तेव्हा मशीनं होती. म्हणजे जे झालं ते डब्याजवळच झालं.

"तिथे काही नाही, मी बघून आलो!" समाधान मागून धावत आला.

"मग पुन्हा बघ. काढ तो तुझा बाण."

"मोबाईल बंद पडलाय."

त्या रानात सागाची झाडं शेकड्यांनी, सगळी एकसारखी, सगळ्यांच्या बुडाशी दगड. कावेरी एकेका झाडाखाली वाकत होती. पाच वाजून गेले. रखवालदार लांबून ओरडला, चला, चलो, बंद करवानो टाइम थयो! तानूबाई एका दगडावर टेकल्या होत्या. आणि तेवढ्यात कावेरीच्या कानावर आवाज आला. बारीक, चिरका, न थांबणारा. शीळ घातल्यासारखा.

तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. मशीन चालूच राहिलं आणि मुठीत किंवा कापडात दाबलं गेलं की ते असंच कुंईऽ करत राहतं. म्हणून काढलं की आधी बॅटरीचं इवलंसं दार उघडायचं. हे तिला माहीत होतं. तानूबाईंनाही माहीत होतं, रोज रात्री त्या बघायच्या. माहीत नसलेलं घरात एकच माणूस होतं.

आवाजाच्या मागे जाऊन तिने दगड सरकवला. हिरवा डबा उघडला. गोट्यांवर, तिच्या केसांच्या क्लिपशेजारी, निळ्या चौकड्यांचा रुमाल घडी घालून ठेवला होता. तो रुमाल तिने सकाळीच समाधानच्या खिशात घातला होता.

तिने रुमाल उलगडून दोन्ही मशीनं समाधानपुढे धरली. 

"फोटो ग्रुपवर जाणार होता," तो खाली बघत म्हणाला. "सत्तर माणसं आहेत गं त्यात. उगाच सगळे विचारत बसतील, काय झालं पोरीला... दोन मिनिटांसाठी काढली होती, रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली. तेवढ्यात माळी आले, डबा दिसू नये म्हणून घाईत झाकण लावलं. पाण्याकाठी तू ओरडलीस तेव्हा आठवलं."

"तेव्हा आठवलं," कावेरी म्हणाली. "आणि माझ्याबरोबर गवत चाचपत बसलास? आईला शिव्या खाऊ दिल्यास?"

"मागे येऊन शोधलं गं, पण मोबाईल बंद पडला, झाडच ओळखू येईना," तो पुटपुटला. कावेरी सासूकडे वळली. "तुम्ही बघितलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"लेक शे मना," तानूबाई म्हणाल्या. "तुनासमोर त्याले कसा उघडा पाडू? माले तर तू रोजच बोलस."

कावेरीच्या तोंडावर थप्पड बसल्यासारखं झालं. माफी मागायला तिचं तोंड उघडलं नाही, आणि राग तर तसूभरही उतरला नव्हता. उलट आता तो नेमका कुणावर काढायचा ते कळलं होतं. तिने तेजूला खाली उभं केलं आणि रुमाल समाधानच्या हातात दिला.

"घाल."

"मी? मला कुठे येतं..."

"माहितीये. घाल."

तो गुडघ्यावर बसला. तळहातावर दोन मशीनं ठेवून बघत राहिला. कुठलं उजवं, कुठलं डावं, त्याला कळेना. ज्या मशीनवर लाल ठिपका ते उजवं, हे चार महिन्यांत त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने एक उचललं आणि उलट्या बाजूने पोरीच्या कानात दाबलं. तेजूने तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. तिने बापाच्या हातातून ते मशीन घेतलं, खाली टाकलं, दुसरं उचलून त्याच्या बोटांत दिलं आणि रोज सकाळी आईपुढे करते तशी मान कलती करून उजवा कान त्याच्यापुढे धरला.

समाधानने ते मशीन पुन्हा लावायला घेतलं. रखवालदार जवळ येऊन उभा राहिला. कावेरी हाताची घडी घालून उभी राहिली. दोनदा तिचा हात पुढे झाला, दोनदा तिने तो मागे घेतला. शेवटी उजवं बसलं, मग डावं. क्लिप त्याने फ्रॉकला पुढेच लावली, तीही तिरकी.

"तेजू," तो म्हणाला. 

तेजूने वर बघितलं, डोळे मोठे करून. रोज सकाळी मशीनं बसली, जग तिच्या कानांत शिरलं की ती अशी बघते, जे माणूस समोर असेल त्याच्याकडे, जणू ते सगळं त्यानेच आणून दिलंय. आजवर ते बघणं एकट्या कावेरीचं होतं. अकरा खेपा घालून कमावलेलं. आज, नेमकं आज, ते त्याला मिळालं होतं. तो पोरीला पोटाशी धरून हुंदके देत होता, आणि कावेरीला तेही सहन होत नव्हतं.