हाताला लागलेलं औषध

"हिलाबी बुडीव की गं औषधात. जरा फुगंल तरी."

बागंची मालकीण माझ्या तान्ह्या पोरीकडं बोट दाखवून म्हणली. बायका खिदळल्या. मीबी हसले. भ्यानं हसले.

कवठे महांकाळच्या अंगाला द्राक्षबागंत आमी बायका घड बुडवायला जातो. मगात औषध घ्यायचं, घड त्यात बुडवायचा, झटकायचा, फुडं सरकायचं. त्यानं मणी फुगतो. माल परदेशात जायचा म्हणून मालकीण रोज मणी मापून बघायची. नवरा मुंबईला, घरात दुसरं कुणी न्हाई. पोरीची झोळी मी बांधावरच्या बाभळीला बांधायचे.

दिसभर हात औषधात. हातमोजं कुणी दिलं न्हाईत. तसल्या हातानं पोरीला अंगावर कशी घिऊ? तिच्या तोंडात गेलं म्हंजी? हात धुवायला पाणी मागितलं की मालकीण म्हणायची, "टँकर बागंसाठी इकत आणतोय. तुमच्या हातासाठी न्हाई."

मग घरी जाऊन अंघोळ करंस्तवर पोर उपाशी. मधी पदरानं धरून साखरपाण्याची बाटली तोंडाला लावायची, बास. ती रडायची, हितं माझा झंपर भिजायचा. मी फुडच्या वेलीकडं जायचे.

अंगणवाडीत ताईनं तिला वजनकाट्याला अडकवलं. पोर नुसती लोंबकळली. रडलीबी न्हाई. ताईनं आकडा परत बघितला.

"आवं, ही तर मागल्यापेक्षा उतरलीया. आता जुलाब लागलं तर पोर हाताला लागायची न्हाई."

तवापास्नं घडीघडीला तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास चालतोय का बघते.

दुसऱ्या दिशी बागंत ती रडता रडता गपकन थांबली. औषधाचा मग तितंच टाकला, पळत गेले. जित्ती व्हती. डोळं उघडं, आवाज न्हाई. मी टाकीची तोटी सोडली. कोपरापतुर हात धुतलं. परत धुतलं.

"ए! इकतचं पाणी हाय ते!" मालकीण वरडत आली.

मी पोर उचलली, वेलीखाली बसले, पदर घेतला. पोरीनं तोंड लावलं. वढायला जोरच न्हाई तिला.

"ऊठ! न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस."

"न्हाई उठत. हिचं पोट भरंस्तवर न्हाई."

माझाच आवाज मला वळखू येईना. बायका खाली बघून घड बुडवत राहिल्या.

त्या बागंचं काम गेलं. पोरीचं वजन अजून जागचं हललं न्हाई. भ्या तर लय वाटतं, रोज वाटतं. पण आता कुठल्याबी बागंत पाऊल टाकायच्या आधी इचारते, हात धुवायला पाणी हाय का? न्हाई म्हणलं की माघारी फिरते. मी निजंन उपाशी. पर माझी पोर कवा प्यायची, ते कुठला बागवाला ठरवायचा न्हाई.