दळणाआधीचा अर्धा तास

नगरकडच्या बेलापुरात आमची पिठाची गिरणी आहे. नवरा साखर कारखान्यात, त्यामुळे लग्नानंतर लवकरच गिरणी माझ्याकडे आली. मोटार चालू झाली की पट्ट्याच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. हळूहळू मी घरातही तशीच बोलू लागले. टीव्ही चालू, सासूबाईंचा मोबाईल चालू आणि त्या सगळ्यावर माझा आवाज.

माझे वडील गेले तेव्हा मी रडले नाही. जलदान विधी उरकून दुसऱ्याच दिवशी गिरणी उघडली. "लई खंबीर हाय," असं बायका म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी बाजरी दळताना लाईट गेली. पट्टा थांबला. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. इतकं शांत झालं की माझाच श्वास मला ऐकू आला, आणि मागोमाग वडील आठवले. पहाटे बुद्धवंदना म्हणून झाली तरी ते तसेच बसून राहायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "दादा, आता काय म्हणताय?"

"काहीच न्हाई. आता ऐकतोय."

पिठाने माखलेल्या हातांतच तोंड खुपसून मी रडले. लाईट आली तरी मोटार लावली नाही. रोज सकाळी गिरणी उघडण्याआधी दादांसारखी वंदना म्हणून अर्धा तास गप्प बसायचं, हे मी तिथेच ठरवलं.

घरात गोंधळ उडाला. सासूबाई म्हणाल्या, "कुनी काय बोललं का गं तुला?" नवरा दोन दिवस माझ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझं काय चुकलं असंल तर सांग, पन असा अबोला नको धरू."

"अबोला नाही हो. अर्धा तास फक्त. नंतर मी आहेच बडबडायला."

"पन मिळतं काय त्यातनं?"

बसायचं मात्र मी सोडलं नाही. शेजारच्या हळदीला सकाळपासून डीजे लागला, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, तरी मी वंदना म्हणून बसले. त्या दिवशी मन जरासुद्धा थाऱ्यावर आलं नाही. तरी वेळ होईपर्यंत उठले नाही.

काही आठवड्यांनी माझी अकरावीतली मुलगी शेजारी येऊन बसू लागली. का, ते मी विचारलं नाही. एके दिवशी अर्धा तास संपला तरी ती उठेना.

"आई, मी... मी कॉलेजात बोलताना अडखळते. सगळे ह... हसतात."

"कधीपासून?"

"दहावीपासून. तुला सांगायला दोनदा गि... गिरणीत आले होते."

मला आठवलं. ती दारात उभी राहून काहीतरी पुटपुटत होती आणि मी मोटारीच्या खडखडाटात ओरडले होते, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही!" ती परत गेली होती. मी दळत राहिले होते.

त्या सकाळी मी तिचं एकही वाक्य स्वतः पूर्ण केलं नाही. एकेका शब्दासाठी थांबले. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. त्याला सासूबाईंनी सांगितलं, "जरा थांबा, मायलेकी बोलत्यात."

आता आम्ही दोघी ठरल्या दिवशी नगरला एका वाचाउपचार करणाऱ्या बाईंकडे जातो. मुलगी अजून अडखळते. पण परवा तिने वर्गात हात वर केला आणि उत्तर पूर्ण दिलं. हसणारे हसले. "मी खाली बसले नाही," एवढंच तिने घरी येऊन सांगितलं.

गिरणी आता अर्धा तास उशिरा उघडते. काही गिऱ्हाइकं कुरकुरतात, एकदोघं दुसऱ्या गिरणीला गेली. जाऊ देत. बसायची वेळ बदलायची नाही, असं मी घरात सांगून टाकलंय.