सात दगड

वलवणला नव्या वसाहतीच्या समारंभात माझ्या चुलतभावाने व्यासपीठावरून सांगितले, की गावात पहिला बंगला उठला तेव्हा मी मत्सरापोटी त्याची भिंत पाडली. लोक हसले. मी समोरच बसलो होतो; माझे वय पाहून त्याने आवाजही खाली आणला नाही. म्हणून हे लिहितो.

आमची भातखाचरे डोंगराच्या पायथ्याशी, एकाखाली एक. वरच्या खाचराच्या बांधाला तोंड असते. त्यातून पाणी खालच्यात उतरते. भाऊबंदकी कितीही पेटली तरी ते तोंड कोणी बुजवत नसे. माझ्या वरचे खाचर चुलतभावाचे. ते त्याने मुंबईच्या शेटजींना विकले आणि त्यांच्याच बांधकामावर मुकादम झाला. लोणावळ्यात मी आधीपासून बंगल्यांवर गवंडी होतो; तिथेही काम धरले. नाकारत नाही; बंगल्यांच्या त्या मजुरीवर माझी मुले लोणावळ्याच्या शाळेत शिकली.

कुंपणाची भिंत बांधताना मी त्याला विचारले, "पान्याला वाट कुटं ठेवायची?"

"प्लॅनमधी भोक न्हाई, दादा. बंगला झाल्यावर हितं पानी कशाला येतंय?"

"डोंगराला सांगून आलायस का तसं?"

"तू दगड लाव. डोंगराचं मी बघतो."

तो जेवायला गेला, तेव्हा मी तळाचे सात दगड सिमेंटाशिवाय कोरडेच बसवले, वरचा भार पेलायला लांब पाथर टाकला आणि दोन्ही अंगांनी सिमेंटचा पातळ हात फिरवला.

बंगला उभा राहिला आणि आषाढात उघडीप पडली. पाऊस थांबला तरी डोंगरातून झिरपणारे पाणी भिंतीआड तुंबले. शेटजींच्या बागेत पोटरीभर, माझ्या खाचरात चिखलणीपुरतेही नाही. लावणीची रोपे पिवळी पडू लागली. तीन वेळा फाटकाशी गेलो. तिन्ही वेळा ते उघडले नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी बाहेरच्या बाजूने पहार लावली.

जोडे हातात धरून शेटजी पाण्यातून आले. "अहो, भिंत का पाडता?"

"पाडत नाही. उघडतोय."

सातही दगड काढून ओळीने मांडले. पाणी माझ्या खाचरात उतरले आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बाग मोकळी झाली. शेटजी जोडे घालून आत गेले. बोलला तो चुलतभाऊ: "दादा, आता लोणावळ्यात कुटंबी तुला काम मिळायचं न्हाई." तेवढा शब्द मात्र त्याने पाळला.

मी लावणी केली, त्या वर्षीचे भात कापले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने त्या जागी सिमेंट ओतले. माझे खाचर सुकले, तेव्हा प्लॉट म्हणून ते मागायलाही तोच आला. मी त्याला अंगणातूनच परत धाडले.

मला प्रगतीचा वैरी म्हणायचे तर त्याने खुशाल म्हणावे. भिंत पाडली असे मात्र म्हणू नये. ती अजून उभी आहे, आणि ती माझ्या हातची आहे.